परक्याचे पहिले स्नान : पांडवलेण्यांतली एक नोंद



गोदाकाठी बसून गोदाकाठाविषयी बोलायचे म्हणजे आईसमोर मावशीचे वर्णन करण्यासारखे आहे. तुम्हाला सगळे ठाऊकच आहे. म्हणून आज आपण हा काठ जरा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघू. रामकुंडावर पहिल्यांदाच उतरलेल्या परदेशी पाहुण्याच्या डोळ्यांनी.

तो येतो आणि पहिल्या पायरीवर थबकतो. त्याला पाण्याची भीती वाटत नाही, अडतं ते रीतीपाशी. चपला कुठे काढायच्या? कपडे किती ठेवायचे? साबण चालतो का? डोके बुडवायचे की ओंजळीने पाणी घ्यायचे? बायका-पुरुषांची जागा वेगळी का एकच? तो पलीकडे बसलेला गृहस्थ आपल्याला नाव-गाव का विचारतो आहे, आणि त्याला काय द्यायचे असते? आजूबाजूच्या शेकडो लोकांना हे सगळे न शिकवता येते. एकट्या त्यालाच येत नाही. सार्वजनिक स्नानाच्या जागेत परक्या माणसाला आपले परकेपण जेवढे जाणवते तेवढे दुसरीकडे कुठे जाणवत नसेल. देवळात हात जोडून मागे उभे राहता येते, बाजारात बोट दाखवून वस्तू घेता येते. पण अंघोळ दुरून करता येत नाही.

जगात सगळीकडे हे असेच आहे. प्राचीन रोमच्या सार्वजनिक स्नानगृहात शिरायला अगदी क्षुल्लक नाणे पुरत असे, पण आत गेल्यावर कोमट दालन, गरम दालन, थंड पाण्याचे दालन असा क्रम पाळावा लागे. तुर्की हमामात कमरेला पेश्तमाल नावाचे वस्त्र गुंडाळून तापलेल्या संगमरवरावर बसायचे असते. जपानी सेंतोमध्ये आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच सामाईक हौदात उतरायचे. जो थेट हौदात उतरतो तो नवखा, हे सगळ्यांना तत्काळ कळते. आपल्याकडेही हमाम आले. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, मुंबईच्या फोर्टात हमाम स्ट्रीट आहे. हमाम नावाचा साबण तर आपल्या कित्येक घरांच्या न्हाणीत होता. पण या सगळ्या स्नानगृहांना भिंती आहेत, दार आहे, दारात पैसे घेणारा आहे. आपल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक स्नानाच्या जागेला, म्हणजे घाटाला, भिंत नाही, दारही नाही. आता प्रश्न असा, की ज्या जागेला दारच नाही, तिथे आत कोण आणि बाहेर कोण हे ठरते कसे?

आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. त्याचे उत्तर शोधायला आम्ही तुम्हाला इथून सुमारे आठ किलोमीटरवर नेणार आहोत. मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे, आणि त्याच्या कुशीत आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो ती 24 लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही, हे तुम्ही शाळेतच ऐकले असेल. ही बौद्ध भिक्षूंची लेणी. त्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला अभ्यासक नहपान विहार म्हणतात. तिथल्या ओसरीच्या भिंतीवर एक लांबलचक लेख कोरलेला आहे, आणि त्यात एका परक्या माणसाच्या तीर्थस्नानाची नोंद आहे.

त्या माणसाचे नाव उषवदात. संस्कृतात ऋषभदत्त. दीनिकाचा मुलगा, आणि क्षहरात घराण्याचा क्षत्रप राजा नहपान याचा जावई. बायकोचे नाव दक्षमित्रा, तिच्याही दानाचा लेख याच लेण्यात आहे. उषवदात जातीने शक होता, तसा स्पष्ट उल्लेख लेखांत मिळतो. त्याच्या सासऱ्याची चांदीची नाणी पाहिली तर परकेपण डोळ्यांत भरते. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नाण्यावर तीन लिप्या. काळ कोणता? लेखांत 41, 42, 45 अशी वर्षे येतात. ती शक संवताची धरली तर इ.स. 119 ते 123 निघतात. काही अभ्यासक नहपानाला याहून बरेच आधी, पहिल्या शतकात नेतात. आपण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एवढे लक्षात ठेवू.

आता हे शक कोण? मध्य आशियाच्या गवताळ पठारांवरून, घोड्यांवरून, टोळ्यांनी खाली उतरलेले लोक. आणि इथे स्नानाच्या विषयाला एक गमतीची जोड मिळते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात काळ्या समुद्राकडच्या सिथियन लोकांचे वर्णन केले आहे. तो हेही सांगतो, की इराणी लोक सगळ्याच सिथियनांना शक म्हणतात. त्यांच्या अंघोळीविषयी त्याने जे लिहिले ते मोठे वेधक आहे. हे लोक तीन काठ्या एकमेकींवर टेकवून उभ्या करतात, त्यावर नमदे ताणून घट्ट तंबू करतात, आत लालबुंद तापलेले दगड ठेवतात आणि त्यावर भांगेच्या जातीच्या झाडाचे बी टाकतात. वाफ-धूर उठला की आतले लोक आनंदाने ओरडतात. हीच त्यांची अंघोळ. अंगाला पाणी म्हणून ते लावतच नाहीत, असे हेरोडोटस म्हणतो.

ऐकीव गोष्ट म्हणून कोणी हे सोडून दिले असते. पण विसाव्या शतकात, 1940 च्या दशकाच्या अखेरीस, रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेंको यांनी अल्ताई पर्वतात पाझिरिक इथली गोठलेली थडगी उकरली. त्यांतल्या एकात तशाच काठ्यांचा सांगाडा, दगडांनी भरलेले धातूचे भांडे आणि ते बी सापडले. हेरोडोटसचे शब्द मातीतून वर आले!

उषवदात स्वतः असल्या तंबूत बसला होता असे आम्ही म्हणत नाही. मध्ये पाच-सहा शतके गेली होती आणि त्याचे घराणे भरुकच्छ, म्हणजे भडोचच्या बाजूला चांगले रुळले होते. मुद्दा इतकाच, की ज्या लोकांच्या पूर्वपरंपरेत अंघोळ म्हणजे बंद तंबूतली वाफ, त्यांतला एक जण उघड्यावर, शेकडो माणसांच्या देखत, तीर्थाच्या पाण्यात उतरतो. आणि उतरलो हे दगडावर कोरून ठेवतो.

त्या लेखात आहे काय? पहिला भाग उषवदाताच्या दानांची यादी आहे. यादी कसली, लांब सूचीपत्रच! त्याने तीन लाख गायी दिल्या. बार्णासा नदीवर सुवर्णदान केले आणि तीर्थ बांधले, म्हणजे नदीत उतरायची जागा केली. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली. वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातले. प्रभास तीर्थावर आठ ब्राह्मणांची लग्ने लावून दिली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे वसईजवळचे सोपारा, आणि गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचे गोवर्धन गाव, त्या काळचे इथले मुख्य ठाणे. पुढे बागा, तळी, विहिरी.

आणि मग येतात नद्या. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहानुका. या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर बसायला सभा आणि प्यायला पाणपोया केल्या. दमणगंगा, तापी, डहाणू ही नावे आजही आपल्या ओळखीची. म्हणजे भडोचकडून कोकणपट्टीने खाली येणाऱ्या वाटसरूला नदी आडवी आली, तर पैसे न देता पार जाता येई, आणि पलीकडे पोहोचल्यावर प्यायला पाणी मिळे.

याच यादीत शूर्पारकातल्या रामतीर्थाचा उल्लेख आहे. नाशिककर इथे कान टवकारतात. पण नीट वाचायला हवं, हं. ते रामतीर्थ सोपाऱ्याचे आहे, आपले रामकुंड नव्हे. आपले रामकुंड आज ज्या बांधीव रूपात दिसते, त्याचे बांधकाम 1696 मधले सांगितले जाते, आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. जुनेपणाच्या हौसेने दोन रामतीर्थांची गाठ मारू नये.

इथपर्यंत लेखाची भाषा कशी आहे, तर उषवदाताने हे केले, ते केले, अशी तृतीय पुरुषी. शेवटी सांगितले आहे, की या धर्मात्म्याने गोवर्धनातल्या त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे आणि या पोढी करवल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. इथे लेख संपायला हरकत नव्हती.

पण तो संपत नाही. एकदम आवाज बदलतो. तृतीय पुरुष सुटतो आणि माणूस स्वतः बोलू लागतो. आशय असा : स्वामींच्या आज्ञेवरून मी पावसाळ्यात गेलो. मालयांनी उत्तमभद्रांच्या प्रमुखाला वेढले होते, त्याला सोडवायला. ते मालय नुसत्या आवाजानेच पळाले आणि उत्तमभद्र क्षत्रियांचे बंदी झाले. तिथून मी पोक्षराला गेलो. तिथे मी अभिषेक केला. तीन हजार गायी दिल्या आणि एक गाव दिले.

पोक्षर म्हणजे अजमेरजवळचे पुष्कर. स्नान झाले पुष्करला, नोंद झाली नाशिकला. आणि सगळ्या लेखात 'मी' येतो तो या मोहिमेच्या आणि स्नानाच्या भागात. तीन लाख गायी तिसऱ्या माणसाने दिल्यासारख्या सांगितल्या, पण पाण्यात उतरलो ते मीच उतरलो. आम्हाला वाटते, स्नानाचे म्हणूनच असे आहे. दान कारभाऱ्याच्या हातून देता येते, धर्मशाळा गवंडी बांधतो, नाव नावाडी वल्हवतो. अंघोळ मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. राजाच्या जावयालासुद्धा.

आता मघाचा प्रश्न पुन्हा घेऊ. दार नसलेल्या जागेत हा परका आत आला कसा? नुसता पायऱ्या उतरून आला असता, तर तो पाण्यात भिजलेला परकाच राहिला असता. तो दान घेऊन आला. देणारा म्हणून आला. तीर्थावर देणाऱ्याला यजमान म्हणतात. शब्द नीट ऐका. घाटावर आलेला पाहुणा दान देताक्षणी 'यजमान' होतो! कुठल्याही घाटावर अजून हेच चालते. उपाध्याय नाव विचारतो, गोत्र विचारतो. गोत्र ठाऊक नसले तर आपल्याकडे काश्यप सांगायची सोय आहे. म्हणजे परंपरेने परक्यासाठी एक खिडकी आधीच उघडी ठेवली आहे. नाव सांग, संकल्प सोड, दक्षिणा दे, बुडी मार. बाहेर येशील तो आमचा यजमान म्हणून.

आणि हा परका भाषाही शिकला. त्या काळातले इथले सातवाहन राजे आपले लेख प्राकृतात कोरवीत. उषवदाताचा हा लेख मात्र संस्कृताकडे झुकलेला आहे. पुढे इ.स. 150 च्या सुमाराला शक क्षत्रप रुद्रदामनाने गिरनारला कोरवलेला लेख तर सरळ प्रौढ संस्कृतात आहे, आणि संस्कृतातला पहिला मोठा राजलेख म्हणून तो ओळखला जातो. घरचे राजे लोकभाषेत लिहीत होते आणि बाहेरून आलेले देवभाषेत. नव्याने आलेला माणूस रीत जरा जास्तच काटेकोर पाळतो, हे आपण आजही पाहतो.

इथे कोणी म्हणेल, अहो, तो राजाचा जावई. त्याला कोण अडवणार? बरोबर आहे. म्हणून आपण त्याच डोंगरावर थोडी साधी माणसे शोधू.

सतराव्या लेण्यात इंद्राग्निदत्ताचा लेख आहे. धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा यवन. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा. त्याने लेणे खोदवले, आत चैत्यगृह केले आणि पाण्याच्या पोढी केल्या. दुसरा एक लेख वुधिक नावाच्या शक लेखनिकाचा आहे, दशपूरचा राहणारा. क्षत्रप नाही, सेनापती नाही, लिहिण्यावर पोट असलेला माणूस. त्याने काय दिले? दोन पोढी. आणि पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, पुन्हा दहाव्याच लेण्यात, विष्णुदत्ता नावाच्या बाईचा लेख आहे. शक अग्निवर्म्याची ती मुलगी. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने गोवर्धनातल्या कारागीर श्रेणींकडे कायम ठेव ठेवली. त्या श्रेणींत एक आहे ओदयंत्रिकांची, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांची.

पाणी, पाणी आणि पाणी. यवन पोढी देतो, शक लेखनिक पोढी देतो, राजाचा जावई पोढी, तळी, विहिरी, पाणपोया आणि नावा देतो. परक्या माणसांनी या मुलखात आपलेसे होण्यासाठी जे जे केले, त्यात पाणी देणे सारखे सारखे येते. यात शहाणपण आहे. पाण्याचे दान घेणाऱ्याला कमीपणा आणत नाही. टाक्यावर वाकून पाणी पिणारा भिक्षू किंवा वाटसरू दात्याची जात विचारत बसत नाही. त्या डोंगरावरची टाकी पावसाळ्यानंतर आजही भरलेली दिसतात. दाते जाऊन अठराशे वर्षे होत आली, पाणी अजून मुरते आहे.

या परक्यांचे पुढे काय झाले? गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. याचा पुरावा जमिनीतून निघाला तोही नाशिक जिल्ह्यातच. 1906 मध्ये जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राने आपला छाप ठोकला होता. खालचा चेहरा पुरता पुसला गेलेला नाही. पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा लेख आहे. त्यात तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की आजवर उसभदताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत आता भिक्षूंना दिले आहे. हा उसभदत म्हणजे आपला उषवदातच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परका गेला, त्याचे शेत दुसऱ्याच्या नावावर चढले. आणि गौतमीपुत्राची आई बलश्री, नातवाच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवलेल्या लेखात, मुलाचे मोठेपण सांगते : त्याने शक, यवन आणि पह्लवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निखंदून काढला, आणि चार वर्णांचा संकर थांबवला.

हे शेवटचे विशेषण लक्षात ठेवा. म्हणजे राज्य बदलताच प्रश्न पुढे येतो तो मिसळण्याचा. कोण कुणात मिसळला, कोण आत, कोण बाहेर. आणि गंमत बघा, हीच बलश्री ज्या डोंगरावर हे कोरवते, त्याच डोंगरावर शकांची आणि यवनांची टाकी शाबूत आहेत, आणि भिक्षू तेच पाणी पीत आहेत. प्रशस्तीत वंश निखंदला जातो, टाके मात्र कोणी बुजवीत नाही.

आता आपण मोठी उडी घेऊ, थेट विसाव्या शतकात. उडी लांबची आहे, पण प्रश्न तोच आहे.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, की सरकारी पैशाने चालणारी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर झाले. प्रत्यक्षात कोणाची हिंमत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. नंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळे 'शुद्ध' केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके बोट ठेवले : या तळ्यावर परधर्मीयांना मज्जाव नाही, पशुपक्ष्यांनाही नाही, मज्जाव आहे तो फक्त आम्हाला. खटला दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एक ओंजळ पाणी, दहा वर्षे.

आणि नाशिक? 2 मार्च 1930. आपल्याच पंचवटीतल्या काळाराम मंदिरापुढे सुमारे पंधरा हजारांची मिरवणूक आली. मंदिराची दारे बंद होती. मिरवणूक कुठे वळली? गोदावरीच्या घाटाकडे. तिथे तिची सभा झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे चालवला. एप्रिलमध्ये रथोत्सवाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले आणि सत्याग्रह थांबवायला सांगितले.

ही दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवा. एकीकडे मध्य आशियातून आलेल्या वंशाचा माणूस. त्याला या भूमीत गोत्र नाही, कूळ नाही. तो पुष्करात उतरतो आणि आपल्या स्नानाची नोंद सन्मानाने कोरवतो. दुसरीकडे याच मातीतली माणसे. पिढ्यान्‌पिढ्या याच नदीकाठच्या गावांत राबलेली. त्यांची भाषा मराठी, दैवते इथलीच. त्यांना घाटावरची रीत कोणी शिकवायला नको होती. त्यांना सगळे ठाऊक होते. पण दार त्यांच्यासाठी बंद होते.

म्हणजे सुरुवातीला आम्ही जे म्हणालो, की परका तो ज्याला रीत येत नाही, ते अर्धेच खरे होते. रीत न येणाऱ्याला रीत शिकवली जाते. उषवदाताला शिकवली गेली, त्याने यजमान म्हणून मान मिळवला. खरा परका तो, ज्याला रीत पुरती येते आणि तरी पायरी उतरू दिली जात नाही. परकेपण पासपोर्टावर लिहिलेले नसते. ते पाण्याच्या कडेला उभे असलेले लोक ठरवतात. घाटाला भिंत नाही असे आपण म्हटले. भिंत होती. ती दगडाची नव्हती, म्हणून दिसत नव्हती. दगडाची असती तर पाथरवटाने फोडली असती.

याचा अर्थ जुना काळ उदार आणि मधला काळ वाईट, असे सोपे गणित आम्ही मांडत नाही. उषवदाताच्या काळीही पाणवठ्यांवर कोणाला उतरू दिले जाई आणि कोणाला नाही, ते त्याच्या लेखात येणार नाही. तो लेख देणाऱ्याचा आहे. ज्याच्याकडे तीन हजार गायी होत्या त्याचा 'मी' आपल्यापर्यंत पोहोचला. ज्याच्याकडे काही नव्हते त्याचा 'मी' दगडावर कोरायला अठराशे वर्षांनी महाडला आणि नाशिकला यावे लागले. आमच्या मते चवदार तळ्यावरची ती ओंजळ आणि पोक्षरावरचा तो अभिषेक हे एकाच जातीचे वाक्य आहे : मी पाण्यापर्यंत गेलो, आणि मी पाणी घेतले. फरक किमतीत आहे. एकाने गायी दिल्या, दुसऱ्यांनी रक्त दिले.

आता शेवटचे सांगतो आणि थांबतो.

2027 मध्ये आपल्याकडे सिंहस्थ आहे. लाखो लोक येतील, परदेशी पाहुणेही येतील, पायरीवर थबकतील. त्यांच्या शेजारी एखादे मराठी कुटुंब संकल्प सोडत असेल. तो संकल्प या वेळी जरा लक्ष देऊन ऐका. त्यात देश-काळाचा उच्चार असतो, आपण कुठे आहोत आणि कधी आहोत हे पाण्याला सांगायचे असते. गोदावरीचा कुठला तीर, ते येते. बौद्धावतार हा शब्द येतो. आणि वर्ष सांगताना येते : शालिवाहन शके.

शके. हे त्या परक्यांचेच नाव आहे. इ.स. 78 पासून मोजला जाणारा हा संवत पश्चिम भारतात शक क्षत्रपांनी शतकानुशतके वापरला, म्हणून तो शकांचा काळ झाला. आणि शालिवाहन म्हणजे सातवाहन, त्यांना हरवणारे. हे नाव बऱ्याच नंतर, मध्ययुगात, शकाच्या पुढे जोडले गेले. एकमेकांच्या नाण्यांवर छाप ठोकणारे दोघे जण आपल्या संकल्पात जोडशब्द होऊन बसले आहेत. आपण दर वेळी पाण्यात उतरताना जेत्याचे नाव घेतो, जिताचे घेतो, घरच्याचे घेतो आणि परक्याचेही घेतो. एका श्वासात.

तेव्हा यंदा घाटावर कोणी नवखा थबकलेला दिसला, मग तो पॅरिसचा असो की पेठ-सुरगाण्याचा, तर त्याला चपला कुठे काढायच्या एवढे सांगा. आणि थोडे बाजूला सरका. पायरीवर जागा होईल.